हेल्मेटमागची कडी

विमान आमच्याकडे कधी उतरलं नाही. ते मुंबईच्या बाजूहून यायचं, पेणजवळच्या कासूच्या रानावर दोन-तीन चकरा मारायचं, पोटातली माणसं सोडून द्यायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. माणसं मात्र आमच्याकडे उतरायची. भात कापून झालेल्या शेतांत, बांधांच्या मधल्या मोकळ्या चौकोनांत. एखादा चुकून वालाच्या शेतात उतरला की शेतकरीण काठी घेऊन धावायची आणि तो बिचारा छत्रीच्या दोऱ्यांत गुरफटलेला, हात जोडून उभा राहायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेणमध्ये माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. घरचा मूळ व्यवसाय गणपतीचा कारखाना, तो मोठा भाऊ बघायचा. मीही वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापर्यंत साचे काढत होतो, पण मला कॅमेऱ्याचं वेड लागलं आणि मी त्या मातीतून उठलो. दोन वर्षं थांबून एक चांगला हँडीकॅम घेतला होता. तो एकच. त्याच्यावर घर चालत होतं.

थंडीच्या दिवसांत रानात तंबू लागायचे. लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तो कॅम्प चालवायचे. सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. मुंबईचे हौशी लोक शनिवार-रविवारी येऊन हवाईछत्रीने उड्या मारायचे. इंग्रजीत त्या जागेला ड्रॉप झोन म्हणतात. गावात तिला ‘छत्रीचं रान’ म्हणत. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूवर एक कापडी नळा लावलेला असायचा. तो वाऱ्याने फुगला की गावातल्या बायका म्हणायच्या, “बघ गो, कॅप्टनचा लेंगा भरला.”

मला तिथे बोलावलं ते खालून शूटिंग करायला. लोकांना आपली उडी घरी दाखवायची असे. मी बांधावर तिपाई लावून आभाळाकडे कॅमेरा धरायचो. कॅसेटवर दिसायचा तो एक ठिपका, मग त्याची छत्री, मग धप्प करून पडलेला माणूस. सगळ्यांच्या कॅसेटी सारख्याच. तरी प्रत्येक जण विचारायचा, “माझा चेहरा आलाय ना?”

त्या हिवाळ्यात एक साहेब आला. चाळिशीच्या आतला, परदेशात नोकरी करून परतलेला. त्याने तिकडून एक सूट आणला होता. हात आणि अंग यांच्यामध्ये कापड, दोन्ही पायांच्या मध्ये कापड. हवेत हातपाय फाकले की त्या कापडात हवा भरायची आणि माणूस सरळ खाली पडण्याऐवजी पुढे सरकत जायचा. विंगसूट. आमच्या भागात तोपर्यंत कोणी ऐकलाही नव्हता. पहिल्यांदा तो नागोठण्याच्या अंगाने सरकत येताना दिसला तेव्हा एक म्हातारा आगरी तोंडातली विडी काढून म्हणाला, “ह्यो तं वटवागूल. दिसाचा कसा काय सुटला?” त्या दिवसापासून साहेबाला सगळे वाघूळ म्हणू लागले, त्याच्या तोंडावरसुद्धा. तो हसायचा. गोड माणूस होता.

त्याला डोक्यावर कॅमेरा हवा होता. वरून दिसणारी खाडी, मिठागरांचे चौकोन, रेल्वेची रेघ, हे सगळं त्याला टिपायचं होतं. त्याच्याकडचा कॅमेरा बिघडला होता आणि हेल्मेटही दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी बनवलेलं होतं. मी म्हणालो, माझा कॅमेरा घ्या, हेल्मेट मी बनवतो. कोणी मागितलं नव्हतं. माझ्या कॅमेऱ्याने आभाळातून पेण-रोहा बघावं ही हौस माझीच होती.

हेल्मेट भावाच्या कारखान्यात बनलं. रबरी साच्याला बाहेरून फायबरचं कवच करतात, ते काम मला येत होतं. साहेबाला आम्ही पाटावर बसवलं, डोक्याला तेल चोपडून फडकं गुंडाळलं आणि वर प्लास्टर थापलं. आजूबाजूला न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती, मध्ये हा पांढऱ्या डोक्याचा माणूस. कारखान्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“शेठ, मुकुट पण चढवू का?” भावाने विचारलं.

“चढवा की. सोंड तेवढी नको.”

“आणि बसवायचा किती दिवस? दीड का दहा?” एक बाई मागून म्हणाली, आणि सगळा कारखाना हसला.

त्या साच्यावरून मी फायबरचं टोपडं काढलं. वर कॅमेऱ्यासाठी सपाट बैठक केली, खालून एक स्क्रू. पण कारखान्याची एक सवय माझ्या हातात होती. मूर्तीवर काहीही जड बसवायचं असेल तर नुसत्या चिकटवण्यावर विसंबायचं नाही. मुकुटामागे तारेची एक कडी पुरायची आणि प्रभावळ तिला बांधून टाकायची. आमच्या वडिलांनी ती सवय लावली होती, आणि कडी नसलेली मूर्ती बाहेर गेली तर ते जेवत नसत. मी हेल्मेटच्या मागच्या बाजूला, ओल्या फायबरमध्ये, तशीच एक कडी पुरली. कॅमेरा नायलॉनच्या दोरीने तिला बांधला.

साहेबाने हेल्मेट हातात घेऊन त्यावरून तळवा फिरवला. डोळे मिटून, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. कडीपाशी हात थांबला.

“हे काढ.”

“कॅमेऱ्यासाठी आहे, साहेब. स्क्रू सुटला तर—”

“सुटला तर कॅमेरा जाईल. छत्री उघडते तेव्हा दोऱ्या डोक्याच्या मागूनच वर जातात. एक जरी ह्यात अडकली तर मी जाईन.” हे तो हसत म्हणाला. “हेल्मेट कसं हवं? तुमच्या गणपतीच्या पोटासारखं. कुठे काही लागता कामा नये.”

मी दोरी सोडली. पण कडी फायबरमध्ये खोल गेली होती, मुळापासून काढायची तर तेवढा भाग फोडावा लागला असता. मी ती हातोडीने आडवी पाडली, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासली आणि पांढरा रंग मारला. साहेबाने पुन्हा तळवा फिरवला. “आता बरोबर,” म्हणाला.

इथपर्यंत मी खोटं वागलो नव्हतो.

आता मावशींबद्दल सांगितलं पाहिजे. कासूजवळच्या खाडीकाठच्या गावातली आगरी बाई, चाळिशीची. नवरा मिठागरावर काम करता करता आजारी पडून गेलेला. दिराच्या घरात राहायची. कॅम्पवर ती भाकऱ्या करायला आली होती, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. पण पहिल्याच महिन्यात कॅप्टनच्या लक्षात आलं की ही बाई रिकामी झाली की छत्रीच्या घड्या घालणाऱ्यांजवळ जाऊन बसते आणि त्यांच्या चुका काढते. “त्याची दोरी उलटी गेली रं,” असं म्हणायची, आणि खरंच गेलेली असायची. लहानपणापासून जाळी विणलेली आणि सोडवलेली. शंभर दोऱ्यांतली वेडीवाकडी तिला लांबून दिसायची.

कॅप्टनने तिला शिकवलं. छत्री ताडपत्रीवर लांब पसरायची, दोऱ्या एकेक करून बोटांतून वर न्यायच्या, कापडाच्या पाकळ्या एकावर एक रचायच्या, हवा काढायची, दोऱ्या रबरांत अडकवत नागमोडी ठेवायच्या. राखीव छत्रीला कॅप्टनशिवाय कोणी हात लावत नसे, पण मुख्य छत्री दुसऱ्या वर्षापासून मावशीच भरू लागली. हळूहळू लोक मुद्दाम सांगू लागले, माझी मावशींकडे द्या. साहेब तर दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.

घडी घालताना तिच्याशी बोललेलं तिला चालत नसे. मी एकदा काहीतरी विचारलं तर म्हणाली, “शूटिंगवाल्या, तुजं चुकलं तर बाईचा डोला मिटलेला येतो. माजं चुकलं तर मानूस मिटतो. गप बस.”

गावात तिला टोमणे कमी नव्हते. दिराची बायको म्हणायची, मिठागरातल्या फळ्या ओढायच्या सोडून बाई आता मुंबईवाल्यांच्या चादरी घडी करते. पण त्याच गावातले लोक, ज्यांची ती वहिनी होती, रविवारी बांधावर बसायचे, आणि छत्री उघडली की कोणीतरी मोठ्याने म्हणायचंच, “वयनीची हाय! वयनीनं भरलेली!” तेव्हा ती मान वर करायची नाही. भाकरी थापत राहायची. पण तिला ऐकू जायचं, हे तिच्या पाठीवरून कळायचं.

साहेबाच्या हेल्मेटवर कॅमेरा लावून दोन उड्या झाल्या. कॅसेट बघून मी घरात नाचलो होतो. दुसऱ्या उडीनंतर मात्र कॅमेऱ्याची बैठक थोडी हलते आहे असं मला वाटलं. स्क्रू आवळला. तरी वाटत राहिलं. पुढच्या आठवड्यापासून माझ्या लग्नांच्या तारखा सुरू होत होत्या. कॅमेरा आभाळातून पडला तर काय, हा विचार डोक्यातून जाईना.

तिसऱ्या उडीच्या सकाळी मी मोटरसायकलवरून रानात जाऊन हेल्मेट साहेबाला द्यायच्या आधी तंबूमागे बसलो. स्क्रू-ड्रायव्हरने लांबी खरवडली. कडी वर उचलली. नायलॉनची दोरी बांधली. वरून पांढरी चिकटपट्टी लावली, दोन थर, नीट दाबून. लांबून काही दिसत नव्हतं. मला तेव्हा हे पाप वाटलं नाही. आपण जास्तीची काळजी घेतोय असं वाटलं, इतकं मी सांगतो, सबब म्हणून नव्हे.

साहेब घाईत होता. गाडी उड्या मारणाऱ्यांना मुंबईकडच्या धावपट्टीवर न्यायला थांबली होती. मावशीने भरलेली छत्री त्याने पाठीला लावली, हेल्मेट माझ्या हातून घेतलं. तळवा फिरवला नाही. आधी फिरवला होता ना.

अकराच्या सुमाराला विमानाचा आवाज आला. वारा खाडीकडे वाहत होता, मंद. वाघूळ सुटलं. मी खालून भाड्याच्या जुन्या कॅमेऱ्याने धरलं होतं. तो नेहमीसारखा सरकत आला, रेल्वेच्या रेघेवरून, देवळावरून. बांधावर लोक होते. मग छत्री बाहेर पडली आणि कोणीतरी ओरडलं, “वयनीची!”

ती पूर्ण उघडली नाही. एक बाजू आत ओढल्यासारखी दुमडलेली राहिली आणि सगळं गरगर फिरू लागलं. कॅप्टनने हातातला कप टाकला. “तोड, तोड, तोड,” एवढंच ते म्हणत होते, हळू आवाजात. बिघडलेली मुख्य छत्री तोडून टाकायची आणि राखीव उघडायची असते. त्याने तोडली. पण तुटल्यावरसुद्धा ती छत्री क्षणभर त्याला धरून राहिली, त्याचं डोकं मागे ओढलं गेलेलं मला दुर्बिणीतून बघावं तसं दिसलं, आणि मग त्याच्यापासून काहीतरी सुटलं. हेल्मेट. छत्री हेल्मेट घेऊन खाडीकाठच्या दलदलीकडे, खाजणाकडे वाहत गेली. राखीव उघडली, पण फार खाली. तो बांधावर आदळला.

सगळे तिकडे धावले. कॅप्टन, दोन घडीवाले, बांधावरचे गावकरी. मावशी हाताला पीठ लागलेल्या अवस्थेत धावली, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली.

मी दुसऱ्या बाजूला धावलो. खाजणाकडे, जिथे छत्री पडत होती.

चिखलात मांडीपर्यंत शिरून मी ती गाठली. हेल्मेट उलटं पडलं होतं, कॅमेरा दोरीला धरून होता, भिंगापर्यंत खाऱ्या चिखलात. आणि कडीत छत्रीची एक दोरी होती. अडकलेली, ताणून घट्ट बसलेली. चिकटपट्टी फाटून लोंबत होती.

मी ती दोरी बाहेर काढली. कमरेच्या पिशवीत माझी पक्कड असायची. कडी मुळापाशी कापली आणि चिखलात फेकली. चिकटपट्टी खिशात घातली. काम नीट झालं. साच्याच्या तारा कापायची सवय होती.

परत आलो तेव्हा साहेबाला लाकडी फळीवर घेतलं होतं. मावशीने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं होतं, कॅप्टनने सांगितल्याप्रमाणे, जराही न हलू देता. त्याच्या केसांना पीठ लागलं होतं. गाडीत ती तशीच त्याच्या डोक्याशी बसून दवाखान्यापर्यंत गेली.

साहेब वाचला. मांडीचं हाड मोडलं आणि मानेला मार बसला. विमानाचं दार उघडल्यानंतरचं त्याला काहीच आठवत नव्हतं. पुढे तो काठीने चालू लागला, पण मान एका बाजूला पूर्ण वळत नसे. उड्या संपल्या.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने ती छत्री ताडपत्रीवर पसरली. मीच ओढून आणल्यामुळे दोऱ्यांचा गुंता झाला होता. एक दोरी मध्येच झिजून पांढरी पडलेली. ते बराच वेळ गुडघ्यावर बसून बघत होते.

“हेल्मेटला काही दिसलं?” त्यांनी मला विचारलं.

“नाही. पट्टा तुटलाय.”

“कॅसेट?”

“खारं पाणी गेलं आत. गेली ती.”

खालून घेतलेल्या कॅसेटवर नेहमीसारखा ठिपकाच होता, पण हेल्मेटवरची कॅसेट गेली नव्हती. मी ती घरी पुसून, सुकवून बघितली होती. शेवटी छत्री उघडल्याच्या आवाजाबरोबर सगळं चित्र एकदम मागे फेकलं जातं, डोक्याला कोणी मागून केसांना धरून ओढावं तसं. कॅप्टनने एकदा बघितली असती तर लगेच ओळखलं असतं. त्या महिन्यात मी त्याच कॅसेटवर एका मुलीची हळद घेतली.

कॅप्टनने मावशीला बोलावलं. तिने ताडपत्रीकडे बघितलं आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हणाली, “मी घडी चुकली नाय. दोऱ्या चार वेला बोटांतून काडल्या.”

“मावशी, दोऱ्या उलट गेल्याशिवाय छत्री अशी उघडत नाही.”

“चार वेला काडल्या, कॅप्टन.”

कॅप्टन चांगले होते. ओरडले नाहीत. तेच वाईट झालं. ते म्हणाले, “तुमचा दोष नाही. माझा आहे. हे काम मी तुमच्यावर टाकायलाच नको होतं.” आणि नमस्कार केला. तिने आपली चटई गुंडाळली, रबरांचा डबा कॅप्टनच्या पायापाशी ठेवला आणि बांधाबांधाने घरी गेली. मी हेल्मेट पिशवीत घेऊन तिथेच उभा होतो.

पुढच्या थंडीत कॅम्प लागला नाही. गावात मात्र गोष्ट संपली नाही. वयनीची छत्री फुटली, वयनीने माणूस अधू केला. मी ऐकत होतो. कासूवरून जाताना गाडी जोरात काढायचो.

साधारण सव्वा वर्षाने रोह्याला एका कंपनीत मला शूटिंगचं काम मिळालं. सुरक्षेचा कसलासा कार्यक्रम होता, भाषणं आणि बक्षिसं. दुपारी शेडच्या बाजूला कंत्राटी बायका डबे उघडून बसल्या होत्या. डोक्याला फडकी, अंगावर पिवळट धूळ. त्यांतली एक उठून माझ्याकडे आली.

“शूटिंगवाला ना तू? वलखलंस का?”

ओळखलं. वाळली होती. मी कॅमेरा खाली ठेवला.

“सायब कसा हाय रं? चालतो का?”

“चालतात. काठी घेऊन.”

“मान?”

“एका बाजूला वळत नाही.”

तिने मान हलवली आणि माझ्या बाजूला कट्ट्यावर बसली. भाकरीचा तुकडा हातात तसाच. “तुना सांगतंय,” ती म्हणाली, “आदी मना पक्का ठाव व्हता. मी चुकली नाय म्हनून. आता नाय ठाव. झोपंत सगली घडी घालतंय. पयल्यापासून. दोऱ्या मोजतंय. कवा कवा एक कमी येते. मंग वाटतं, त्या दिशी पन कमी आली आसंल. माज्याच हातानं झाला आसंल.” ती हात बघत होती. “घरात लुगडं घडी केला तरी उलगडून परत बगतंय. जाव हसते.”

तिने मला शिव्या दिल्या असत्या, दोष कॅप्टनला दिला असता, तर मी कदाचित आजपर्यंत गप्प राहिलो असतो. मला माझा स्वभाव माहीत आहे. पण तिने तो दोष उचलून स्वतःच्या हातात घेतला होता, आणि त्या हातांवरचा तिचा विश्वास गेला होता.

मी सांगितलं. कडी, लांबी, चिकटपट्टी, पक्कड, कॅसेट. भोंगा वाजला, बायका उठल्या, ती उठली नाही.

“म्हंजे माजी घडी बराबर होती?”

“बरोबर होती.”

“दोऱ्या?”

“बरोबर होत्या, मावशी.”

“सगल्या?”

“सगळ्या.”

तिने भाकरीचा तुकडा डब्यात टाकला आणि झाकण लावलं. लागेना. तीन वेळा दाबलं. मग म्हणाली, “माजी शिफ्ट तीनला सुटते. गेटाशी थांब. पललास तर तुज्या कारखान्यात येन.”

मी थांबलो. मोटरसायकल रोह्यालाच ठेवली आणि तिच्याबरोबर पॅसेंजरने निघालो. समोरासमोर बसलो होतो. निडी गेलं, नागोठणं गेलं. ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच बोलली, “कॅप्टनला पन सांगशील.” मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात मी कॅप्टनना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, पण ते मला नाही, तिला. त्यात काय होतं ते मी कधी विचारलं नाही. साहेबाला लिहायला मला आणखी दोन वर्षं लागली.

कासूला उतरून खाडीच्या वाटेने तिच्या घरी गेलो. अंगणात दीर जाळं दुरुस्त करत होता. तिने त्याला सांगितलं, “भावजी, आलीतल्या मानसांना बोलवा. ह्याला बोलायचा हाय.”

“ह्यो कोन? पुडारी हाय का?”

“बोलवा तुमी.”

दहा-बारा माणसं जमली. दोघी-तिघी बायका दारात, जाऊ चुलीपाशी. मी उभा राहून सगळं सांगितलं. शेवटी साहेबाला वटवाघूळ नाव देणारा तो म्हातारा म्हणाला, “म्हंजे वयनीची बराबर भरलेली होती?”

“होती.”

“मंग आमी वरीसभर बोंबललो ती फुकटच?”

कोणीतरी हसलं. दीर म्हणाला, “जाव द्या. मानूस सोताहून आला, सांगतो तरी. दुसरा कोन आला आसता?” हवा जरा सैल झाली. एकाने मला बसायला फळी सरकवली. मला वाटलं, एवढंच होतं तर. सव्वा वर्ष उगाच वाहिलं. मी बसलोही. जावेने चहाचं आधण ठेवलं.

मावशी खांबाला टेकून उभी होती.

“एक इचारू का?” ती म्हणाली. “सगली तं सायबाकडं धावली. मी, कॅप्टन, ही सगली. दोरी अडकलेली तू एकट्यानंच कशी बगितली? तुना कवा भेटला हेलमेट?”

तोपर्यंत कोणी ते विचारलं नव्हतं, आणि मी सांगताना ते बाजूला ठेवून आलो होतो. वाटेत गाडीत बसूनही ठरवलं होतं की तेवढं नको.

“मी आधी तिकडे गेलो,” मी म्हणालो.

“सायब पडला तवा?”

“हो.”

“त्याला बगायच्या आदी?”

“कॅमेरा माझा होता, मावशी.”

अंगणात कोणी हसलं नाही. दिराने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, दमलेल्या माणसासारखं, आणि मग चुलीकडे वळून जावेला म्हणाली, “चाय उतरव गो, उतू जाईल.”

मला कप मिळाला. सगळ्यांना मिळाला तसाच. मी तो संपवला. उठलो तेव्हा तिने विचारलं, “गाडी रोह्याला ठेवलीस ना?”

“हो.”

“आता पॅसेंजर नाय. डांबरी रस्त्यापत्तुर चालत जा. एसटी भेटल.” आणि ती पायाला लागलेली कंपनीची धूळ धुवायला मोरीकडे गेली.

मी बांधावरून रस्त्याकडे निघालो. मागे अंगणात कोणीतरी तिला साद घातली, “वयनी!”, आणि ती तिथूनच मोठ्याने म्हणाली, “काय रं?”